कृत, कारित, अनुमोदित: जागतिक बाजारात अहिंसा कशी चालते

१८९७ साली जर्मनीतल्या बीएएसएफ या रसायन कंपनीने कारखान्यात बनवलेली नीळ बाजारात आणली. शेतातल्या निळीपेक्षा ती स्वस्त होती आणि दर डब्यात सारखीच निघायची. थोड्याच वर्षांत नैसर्गिक निळीचा भाव कोसळला. याचा फटका निळीवर गब्बर झालेल्या मळेवाल्यांना बसायला हवा होता. तो बसला बिहारमधल्या चंपारणच्या कुळांना. तिथे तीनकठिया पद्धत होती, म्हणजे वीस कठ्ठ्यांच्या बिघ्यात तीन कठ्ठे नीळ लावायची सक्ती. निळीला गिऱ्हाईक उरलं नाही तेव्हा गोऱ्या मळेवाल्यांनी कुळांना सांगितलं, या सक्तीतून मोकळीक हवी असेल तर पैसे मोजा. कुठे एकरकमी दंड घेतला, त्याला तावान म्हणत. कुठे खंड कायमचा वाढवला, ती शरहबेशी. जर्मन प्रयोगशाळेतल्या शोधाची किंमत अशी त्या शोधाचं नावही न ऐकलेल्या शेतकऱ्याच्या खिशातून गेली.

एप्रिल १९१७ मध्ये गांधी मोतीहारीला पोचले. मोर्चा काढण्याऐवजी त्यांनी वकील मंडळींना जबाब लिहून घ्यायला बसवलं. प्रत्येक कुळाची उलटतपासणी व्हायची, आणि तिच्यात जो टिकणार नाही त्याचा जबाब बाद. गुप्त पोलिसांचा माणूस तिथेच बसलेला असे, त्यालाही कुणी उठवलं नाही. असे हजारो जबाब जमले. सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, तिच्यावर गांधींनाच घ्यावं लागलं, आणि १९१८ च्या कायद्याने तीनकठिया बंद झाली. तावानाचा चौथा हिस्सा परत मिळाला. गांधींनी आधी निम्मा मागितला होता. पंचवीस टक्क्यांवर ते का थांबले, असं पुष्कळांनी विचारलं. त्यांचा हिशेब वेगळा होता: रक्कम कितीही असो, मळेवाला पैसे परत देतो आहे हे कुळाने पाहिलं, की त्याची भीती गेली.

जागतिकीकरणाच्या जगात अहिंसा कालबाह्य झाली, असं ज्यांना वाटतं त्यांना चंपारण बहुधा एका जिल्ह्यातली गोष्ट म्हणून शिकवलेलं असतं. मुळात तो जागतिक व्यापारातल्या उलथापालथीचाच तंटा होता.

हात कुणाचा?

हिंसा म्हटलं की उगारलेला हात डोळ्यांसमोर येतो. जुन्या ग्रंथकारांनी त्या हाताच्या मागेही पाहिलं होतं. योगसूत्रांच्या दुसऱ्या पादातल्या चौतिसाव्या सूत्रात हिंसा तीन तऱ्हेची सांगितली आहे: कृत, कारित आणि अनुमोदित. स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवून घेतलेली, आणि दुसऱ्याने केली तेव्हा मान डोलावलेली. तिची मुळंही तीन, लोभ, क्रोध आणि मोह. तीव्रताही तीन, मृदू, मध्य आणि अधिमात्र. भाष्यकाराने गुणाकार करून सत्तावीस प्रकार काढले आणि तेवढ्यावरही तो थांबला नाही. गणिताची ही हौस सोडून देऊ, पहिली तीन नावं मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहेत. जैन आचारात हीच त्रयी मन, वचन आणि काया यांना जोडून नऊ होते. तत्त्वार्थसूत्रातली हिंसेची व्याख्या तर 'प्रमत्तयोगात्' या शब्दाने सुरू होते. प्रमादामुळे, बेफिकिरीमुळे प्राण जाणं ही हिंसाच. मारण्याचा हेतू असलाच पाहिजे असं नाही.

ही वर्गवारी आज अधिक उपयोगी पडते, कारण मारणारा आणि मरणारा यांच्यातलं अंतर वाढलं आहे. एका शर्टामागे कापूस पिकवणारा, गिरणी, रंगाई, शिलाईचा कारखाना, खरेदीदाराचा दलाल, जहाज कंपनी आणि शेवटी दुकान असे टप्पे येतात. ते चार-पाच देशांत विखुरलेले असू शकतात.

ढाक्याजवळच्या सावर इथली राणा प्लाझा ही इमारत पाहू. आठ मजले, त्यांतले वरचे बेकायदा चढवलेले. तिथे कपड्यांचे पाच कारखाने होते आणि वीज गेली की चालवायचे मोठे जनरेटरही वरच्याच मजल्यांवर. २३ एप्रिल २०१३ रोजी भिंती-खांबांना तडे दिसले. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकानं बंद झाली. शिलाई कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर यायला सांगितलं, पगार कापण्याची धमकी देऊन. २४ तारखेच्या सकाळी वीज गेली, जनरेटर सुरू झाले आणि काही वेळातच इमारत बसली. १,१३४ माणसं गेली.

एकाच इमारतीतल्या बँकेचे कर्मचारी घरी आणि शिवणारे आत, हे कसं? कापड उद्योगातला सर्वसाधारण रिवाज असा, की माल ठरल्या तारखेला निघाला नाही तर कारखान्याला तो जहाजाऐवजी विमानाने, स्वतःच्या खर्चाने पाठवावा लागतो, नाहीतर बिलात कपात सोसावी लागते. नगामागे सुटणारा नफा इतका थोडा, की विमानाचं एक भाडं अख्ख्या ऑर्डरची कमाई खाऊन टाकतं. कामगारांना आत पाठवणाऱ्यांची हिंसा कृत. तारीख आवळून आणि भाव पाडून त्यांना त्या टोकाला आणणाऱ्याची कारित. शर्ट एवढा स्वस्त कसा, हे न विचारता घेणाऱ्याची अनुमोदित. तिघांना एकाच मापाने मोजू नये. सगळेच सारखे दोषी म्हटलं की कुणालाच जाब विचारता येत नाही, आणि तुरुंगात जायला हवा तो माणूस गर्दीत सुटून जातो.

कायद्याचा हात मुख्यतः कृत हिंसेपर्यंत पोचतो, आणि देशाच्या हद्दीपाशी तो अडतो. अलीकडे कारित हिंसेला कायद्यात थोडी जागा मिळू लागली आहे. फ्रान्सने २०१७ मध्ये मोठ्या कंपन्यांवर पुरवठादारांकडच्या धोक्यांवर नजर ठेवण्याचं बंधन घातलं. जर्मनीचा तसाच कायदा १ जानेवारी २०२३ पासून आधी तीन हजारांवर कर्मचारी असलेल्या कंपन्यांना लागू झाला. असे कायदे सैल करण्यासाठी दबावही तितकाच असतो. जिथे कायदा पोचत नाही तिथे काय करायचं, हा प्रश्न उरतोच, आणि अहिंसक लढ्याचं शास्त्र तिथूनच सुरू होतं.

साखळी शोधणं

अहिंसेबद्दल दोन गैरसमज फार चिवट आहेत. एक म्हणजे, सोसत राहणं म्हणजे अहिंसा. दुसरा, मोर्चा आणि उपोषण एवढंच तिचं भांडार. अमेरिकी अभ्यासक जीन शार्प यांनी १९७३ मध्ये अहिंसक कृतीचे १९८ प्रकार नोंदवले. त्यांत निषेध आणि मनवळवणीचे ५४, असहकाराचे १०३ आणि थेट हस्तक्षेपाचे ४१. मोर्चा, फलक, घोषणा हे सगळं त्या ५४ मध्ये येतं आणि खरं तर ती सर्वांत दुबळी हत्यारं आहेत. जोर असहकारात असतो. कारण साधं आहे: राजा असो की कंपनी, तिचा गाडा कुणीतरी कामावर येतं, माल उचलतं, कर भरतं, कर्ज देतं म्हणून चालतो. हे हात बाजूला झाले की गाडा अडतो.

इथे एक अट दडलेली आहे. समोरच्याचं तुमच्यावाचून अडलं पाहिजे. मिठावरचा कर ज्यांच्याकडून वसूल होतो त्यांनी तो मोडला तर सरकारला झोंबतं. पण ज्याचं तुमच्यावाचून काहीच अडत नाही त्याच्याशी कसला असहकार करणार? नॉर्वेचे शांतता-अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी यावर साखळीची कल्पना मांडली. पीडित आणि सत्ताधारी यांच्यात अंतर फार असेल तर मधली माणसं शोधायची. पीडितांच्या जवळची आणि सत्तेला लागणारी अशी एक कडी, मग तिच्या पुढची. जागतिक व्यापाराने अंतर वाढवलं, पण त्याच ओघात या मधल्या कड्याही पुरवल्या.

डब्लिनमधली एक कडी जवळून पाहण्यासारखी आहे. जुलै १९८४. डन्स स्टोअर्स या दुकानात एकवीस वर्षांची मेरी मॅनिंग गल्ल्यावर बसली होती. कामगार संघटनेने ठराव केला होता, दक्षिण आफ्रिकेचा माल हाताळायचा नाही. एका गिऱ्हाइकाच्या टोपलीत दोन ग्रेपफ्रूट निघाली, तिथली. मेरीने नम्रपणे सांगितलं, मी यांचं बिल करू शकत नाही. तिला निलंबित केलं आणि तिचे सहकारी तिच्यासोबत बाहेर पडले. सगळे मिळून डझनभरही नव्हते. वर्णभेदाबद्दल त्यांना सुरुवातीला फारसं ठाऊकही नव्हतं. फुटपाथवर उभं राहता राहता, तिथे येऊन मिळालेल्या एका दक्षिण आफ्रिकी निर्वासिताकडून ते शिकत गेले. नोबेल घ्यायला निघालेले दक्षिण आफ्रिकी बिशप डेझमंड टुटू वाटेत लंडनला त्यांना भेटले. १९८५ मध्ये हे संपकरी प्रत्यक्ष पाहायला म्हणून दक्षिण आफ्रिकेला गेले, तर विमानतळावरूनच परत पाठवले गेले. संप पावणेतीन वर्षं चालला आणि १९८७ मध्ये आयर्लंड सरकारने दक्षिण आफ्रिकेच्या फळं-भाज्यांची आयात बंद केली.

दोन फळांनी वर्णभेद संपला, असं म्हणणं बालिश होईल. त्याच काळात साखळीच्या इतर कड्याही ताणल्या जात होत्या. सान फ्रान्सिस्कोच्या गोदी कामगारांनी १९८४ च्या अखेरीस एका जहाजातला दक्षिण आफ्रिकी माल अकरा दिवस उतरवला नाही. १९८५ मध्ये चेस मॅनहॅटन बँकेने अल्प मुदतीची कर्जं पुढे चालू ठेवायला नकार दिला, इतर बँका मागोमाग आल्या आणि सरकारला परतफेड थांबवावी लागली. ही कडी सर्वांत कडक ठरली. देशाच्या आत, पोर्ट एलिझाबेथला, काळ्या वस्त्यांनी त्याच वर्षी गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार घातला. काही महिन्यांत तेच गोरे दुकानदार सरकारला सांगू लागले, यांच्याशी बोला. सशस्त्र गटही देशात होते, तेही नाकारता येत नाही. पण दुकानदाराचं मन बंदुकीने वळलं नसतं. बंदुकीने तो सरकारच्या आणखी जवळ गेला असता.

कोणती कडी धरायची, याचा उत्तम वस्तुपाठ फ्लोरिडातल्या इमोकाली गावच्या टोमॅटो मजुरांचा आहे. बत्तीस पौंडांची, म्हणजे सुमारे साडेचौदा किलोंची, एक बादली भरली की ४० ते ५० सेंट मिळायचे. दिवसाला ५० डॉलर पाडायचे तर जवळजवळ दोन टन टोमॅटो तोडायचे. मजुरांनी १९९० च्या दशकात आधी शेतमालकांविरुद्ध संप केले, उपोषणही केलं. हाती फारसं लागलं नाही. कारण शोधलं तेव्हा कळलं की शेतमालकाला भाव ठरवताच येत नाही. प्रचंड खरेदी करणाऱ्या खाद्यसाखळ्या तो पाडून घेतात. म्हणून २००१ मध्ये त्यांनी टॅको बेल या साखळीवर बहिष्कार पुकारला. मागणी होती पौंडामागे एक सेंट जास्त द्या, आणि तो मजुराच्या हातात पडेल अशी व्यवस्था करा. बत्तीस पौंडांना बत्तीस सेंट, म्हणजे मजुरीत पाऊणपट वाढ. खाणाऱ्याला एका पदार्थामागे जाणवणारही नाही इतका फरक. टॅको बेलचं गिऱ्हाईक तरुण असल्याने विद्यार्थ्यांनी आपापल्या विद्यापीठांच्या आवारातून तिची दुकानं हटवायला लावली. मार्च २००५ मध्ये कंपनीने मान्य केलं. २००७ मध्ये मॅकडोनाल्ड्स आली, २००८ मध्ये बर्गर किंग.

या मागणीची घडण पाहा. आकडा ठरलेला, देणारा ठरलेला, आणि पाळली की नाही ते पावतीवरून तपासता येतं. 'शोषण थांबवा' ही मागणी नसून हळहळ आहे. ती पूर्ण झाली असं कधीच म्हणता येत नाही, त्यामुळे बहिष्कार कधी उठवायचा हेही ठरत नाही, आणि समोरच्याला मान्य करण्यात काही फायदा दिसत नाही.

बहिष्कार उलटतो तेव्हा

१९९२ मध्ये अमेरिकी संसदेत बालमजुरांनी बनवलेल्या मालाची आयात रोखणारं एक विधेयक आलं. ते मंजूर झालंच नाही. पण नुसत्या भीतीने बांगलादेशच्या कपडे कारखानदारांनी मुलांना झपाट्याने काढून टाकलं. युनिसेफच्या अंदाजाने सुमारे ५०,०००, बहुतेक मुली. त्या शाळेत गेल्या नाहीत. नंतर शोध घेतला तेव्हा त्यांतली कितीतरी मुलं खडी फोडताना, रस्त्यावर विक्री करताना, काही तर वेश्याव्यवसायात सापडली. कारखान्यापेक्षा वाईट जागी. हेतू चांगला होता. चूक अशी झाली की मुलाच्या मजुरीवर घर चालतं, ही कडी कुणी मोजलीच नव्हती. १९९५ मध्ये कारखानदारांची संघटना, युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी करार केला: शाळेत जागा मिळेपर्यंत उरलेल्या मुलांना काढायचं नाही, नवी मुलं घ्यायची नाहीत, आणि शाळेत जाणाऱ्याला दरमहा भत्ता द्यायचा. हीच तरतूद आधी केली असती तर ती पोरं खडीवर गेली नसती.

म्हणून बहिष्काराआधी एक साधी तपासणी करावी. ज्यांच्यासाठी हे करतो आहोत त्यांनी तो मागितला आहे का? डब्लिनच्या संपाला दक्षिण आफ्रिकेतल्या चळवळीचं आवाहन होतं. इमोकालीत बहिष्कार मजुरांनीच पुकारला. बांगलादेशच्या मुलांना कुणी विचारलं नव्हतं. एखाद्या देशाचा सगळाच माल नको म्हणणारे बहिष्कार बहुधा याच खड्ड्यात पडतात. त्यांत मागणी नसते, राग असतो, आणि दोन-तीन आठवड्यांत तो ओसरतो.

दुसऱ्या बाजूचं नुकसान होणारच नाही, अशी अहिंसा मात्र कुठेच नाही. परदेशी कापडावरच्या बहिष्काराने इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांची आधीच खालावलेली स्थिती आणखी बिघडली. सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडला गेलेले गांधी डार्वेनला त्या बेकार कामगारांच्या गावात जाऊन राहिले. त्यांची हलाखी पाहिली, दुःख झालं असं सांगितलं आणि बहिष्कार मागे घेणार नाही हेही सांगितलं. तुमच्याकडे तीस लाख बेकार आहेत, आमच्याकडे जवळजवळ तीस कोटी माणसं वर्षातले सहा महिने बेकार असतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. गिरणीतल्या बायकांनी त्यांना घेरून जयजयकार केल्याचं छायाचित्र प्रसिद्ध आहे. मला वाटतं, आपल्या कृतीने ज्याचं नुकसान होतं त्याच्या दारात जाऊन ते बोलणं, हा अहिंसेच्या तंत्रातला सर्वांत अवघड आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा भाग आहे. समाजमाध्यमांवरच्या बहिष्कारात तो औषधालाही सापडत नाही.

तालीम

अहिंसा अंगात उपजत नसते, ती घोटवावी लागते. जेम्स लॉसन या अमेरिकी धर्मोपदेशकाने कोरियन युद्धात सैन्यभरती नाकारली म्हणून तुरुंगवास भोगला. सुटल्यावर १९५३ ते १९५६ तो नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होता. गांधींच्या पद्धती त्याने इथे अभ्यासल्या, आणि अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात काळ्यांनी वर्णभेदाविरुद्ध केलेल्या बस बहिष्काराची बातमीही त्याने नागपुरातच वर्तमानपत्रात वाचली. परत गेल्यावर १९५९ मध्ये नॅशव्हिल शहरात त्याने चर्चच्या तळघरात विद्यार्थ्यांची शिबिरं सुरू केली. तिथे निम्मे विद्यार्थी गुंड व्हायचे. ते बसलेल्यांना शिव्या द्यायचे, केस ओढायचे, खुर्चीवरून ढकलायचे, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचे. उरलेल्यांनी डोकं कसं झाकायचं, पडल्यावर अंग कसं आखडायचं, शेजाऱ्याला मार पडत असेल तर मध्ये अंग घालून तो कसा वाटून घ्यायचा, हे शिकायचं. मग भूमिका बदलायच्या. ज्याला राग आवरत नाही त्याला बसायला पाठवायचं नाही, दुसरं काम द्यायचं. कामं पुष्कळ असतात: गाड्या, जामीन, निरोप.

१३ फेब्रुवारी १९६० पासून ते फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या उपाहारगृहांत जाऊन बसू लागले. सूचनांचा कागद छापलेला होता. उलट मारू नका, शिवी देऊ नका, मोठ्याने हसू नका, ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा, पुढारी सांगेपर्यंत जागा सोडू नका. जोडीला काळ्या गिऱ्हाइकांनी बाजारपेठेतली खरेदी बंद केली. १० मे रोजी काउंटर सर्वांना खुले झाले.

एवढ्या शिस्तीची गरज कशासाठी? कारण अहिंसेत मार खाण्याला स्वतःची ताकद नाही. तो मार पाहणाऱ्यावर काय परिणाम होतो, त्यात ती आहे. २१ मे १९३० रोजी धारासणाच्या मिठागरावर सत्याग्रही रांगेने पुढे जात, लोखंडी टोकाच्या लाठ्या डोक्यावर घेत, खाली पडत, आणि मागची रांग पुढे येई. हात कुणी वर केला नाही. वेब मिलर या अमेरिकी वार्ताहराने ते पाहिलं आणि त्याची बातमी जगभरच्या शेकडो वर्तमानपत्रांत गेली. मार उलटायला दोन गोष्टी जुळाव्या लागतात. पाहणाऱ्याला तो अन्याय्य वाटला पाहिजे, आणि ज्याच्या मताला वजन आहे त्याच्यापर्यंत तो पोचला पाहिजे. एका दगडाने पहिली अट मोडते, कारण छापून तोच येतो. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौऱ्याला जमावाने पोलीस ठाणं पेटवलं, २२ पोलीस मेले आणि गांधींनी अख्खं असहकार आंदोलन थांबवलं. सहकारी संतापले होते. दुसरी अट आजची सरकारं मोडतात, इंटरनेट बंद करून. २८ जानेवारी २०११ ला इजिप्तने देशभर तेच केलं. तिथे ते अंगाशी आलं. घरी बसून बातम्या पाहणारेही काय चाललंय ते बघायला रस्त्यावर आले.

आकडे आणि त्यांचा गैरवापर

एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन या अमेरिकी अभ्यासकांनी १९०० ते २००६ या काळातले ३२३ मोठे लढे तपासले. सत्ता उलथवणं किंवा परकी ताबा झुगारणं अशी ध्येयं असलेले. अहिंसक लढ्यांपैकी ५३ टक्के यशस्वी, सशस्त्रांपैकी २६ टक्के. मुख्य कारण संख्या. बंदूक उचलणारे बहुधा तरुण आणि धडधाकट असतात, तर कामावर न जाण्यात म्हातारी, लेकुरवाळी, भित्रा कारकून, सगळे येऊ शकतात. याच अभ्यासातून साडेतीन टक्के लोकसंख्या रस्त्यावर आली की सरकार पडतं, असा 'नियम' निघाला आणि तो फलकांवर गेला. तो नियम नाही, मागे वळून पाहताना दिसलेला कल आहे. २०११ मध्ये बहरीनने ते प्रमाण ओलांडलं आणि तरी चळवळ चिरडली गेली. कंपन्यांविरुद्धच्या लढ्यांना तर तो लागूच नाही.

२०१० नंतर यशाचं प्रमाण घसरलं, हेही चेनोवेथ यांनीच दाखवलं. अहिंसक लढे ३४ टक्क्यांच्या खाली आले. सशस्त्र तर जेमतेम ८ टक्क्यांवर. फोनमुळे गर्दी एका रात्रीत जमते, पण ती जमवताना पूर्वी जी संघटना उभी राहायची ती राहत नाही. माँटगोमेरीत ३८१ दिवस बस रिकाम्या धावल्या, कारण रोज हजारो माणसांना कामावर पोचवणारी गाड्यांची व्यवस्था चर्चमधून चालत होती: थांबे, वेळा, पेट्रोलचा खर्च. हॅशटॅगला पेट्रोलचा हिशेब ठेवावा लागत नाही, त्यामुळे दुसऱ्या महिन्यात काय करायचं हे त्याला सांगता येत नाही. शिवाय फोन गर्दी जमवतो तसा तिचा माग काढायलाही उपयोगी पडतो. म्हणून जिथे पहारा कडक आहे तिथे एका चौकात जमण्यापेक्षा पांगलेल्या कृती बऱ्या. घरी राहणं, काम संथ करणं, ठरल्या वेळी खिडकीत थाळ्या वाजवणं. म्यानमारमध्ये फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता बळकावल्यावर रात्री आठ वाजता भांडी वाजत. लष्कराने गोळीबार वाढवल्यावर पुढे पुष्कळ तरुणांनी शस्त्र उचललं, हेही त्याच देशाचं वास्तव आहे.

जिथे चालत नाही

१९३८ मध्ये गांधींनी जर्मनीतल्या ज्यूंना सत्याग्रहाचा सल्ला दिला. ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांनी १९३९ मध्ये त्यांना सविस्तर उत्तर लिहिलं: जिथे हौतात्म्य कुणाच्या दृष्टीलाच पडत नाही, तिथे त्याचा परिणाम कसा व्हावा? टीका रास्त होती. नाझींचं ज्यूंवाचून काही अडत नव्हतं. त्यांना ज्यू नकोच होते. पण १९४२ मध्ये नाझींच्या ताब्यातल्या नॉर्वेतल्या हजारो शिक्षकांनी नाझीधार्जिण्या शिक्षक संघात जायला नकार दिला, सुमारे हजार जणांना पकडलं, कित्येकांना उत्तरेला बर्फात कष्टाला पाठवलं, आणि तरी तो संघ उभा राहिला नाही. शिक्षकांशिवाय शाळा चालत नव्हत्या. हुकूमशाही तीच, अवलंबून असणं वेगळं.

दुसरी हरकत डॉ. आंबेडकरांची. २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात त्यांनी सांगितलं, घटनात्मक मार्ग मोकळे असताना असहकार आणि सत्याग्रह हे अराजकाचं व्याकरण ठरतं. महाडला १९२७ मध्ये त्यांनीच सत्याग्रह केला होता, म्हणून या बोलण्याला वजन आहे. देशाच्या आत न्यायालय, निवडणूक, कामगार कायदा चालत असेल तर आधी ते वापरावेत. जागतिक पुरवठ्याच्या साखळीत मात्र ढाक्यातल्या शिवणारीला दुसऱ्या देशातल्या ऑर्डर देणाऱ्याविरुद्ध कुठे मत टाकायचं असतं? तिथे हा मार्ग बांधावाच लागतो.

करार झाल्यावर

राणा प्लाझानंतर तो थोडासा बांधला गेला. मे २०१३ मध्ये बांगलादेशातल्या इमारतींच्या सुरक्षेचा करार झाला. एका बाजूला जागतिक आणि स्थानिक कामगार संघटना, दुसरीकडे पुढे वाढत दोनशेवर गेलेले ब्रँड. आधीच्या स्वेच्छेच्या आचारसंहितांहून त्यात फरक हा की तो कायद्याने बांधणारा होता. पाळला नाही तर लवादाकडे नेता यायचं. सुमारे सोळाशे कारखाने त्यात आले. तपासणीचे अहवाल लोकांना पाहायला खुले ठेवले. इमारत धोकादायक वाटली तर कामगाराने पगार न गमावता आत जायला नकार देण्याचा हक्क लिहून दिला. राणा प्लाझात २४ एप्रिलला नेमका तोच नव्हता.

मग अभियंते एकेका कारखान्यात जाऊ लागले. त्यांच्या याद्या वाचायला रुक्ष आहेत. बाहेर पडण्याच्या वाटेवरचं कुलपाचं सरकतं लोखंडी दार काढा, आग अडवणारं दार बसवा. विजेच्या उघड्या जोडण्या बंद करा. खांबाच्या काँक्रीटची ताकद मोजा, नकाशाशी ताडून पाहा. आणि जिथे खांबावर भार जास्त निघाला तिथे पहिली नोंद बहुतेक वेळा अशीच: वरच्या मजल्यावर रचलेले कापडाचे गठ्ठे खाली आणा, लगेच.